चार तारांचे चिकित्सक

प्रत्येक मोठ्या गोतावळ्यात एक चिकित्सक असतो. कुणाला फ्रीज घ्यायचा असो, पाण्याचा फिल्टर घ्यायचा असो की साधा नेलकटर, घरचे लोक आधी त्याला विचारतात आणि मग विचारल्याचा पश्चात्ताप करतात. कारण चिकित्सक उत्तर देत नाही, पार्श्वभूमी देतो. फ्रीजचं विचारलं की कॉम्प्रेसरपासून सुरुवात होते आणि विचारणारा चपला शोधायला लागतो तेव्हा कुठे गाडी दाराच्या रबरापर्यंत आलेली असते. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र फ्रीज लग्नातलाच असतो. नवा घ्यायचाय. अभ्यास चालू आहे.

आमच्या गोतावळ्यातलं हे पद माझ्या साडूभाऊंकडे आहे. मूळचे सांगलीचे, पण सगळी हयात अमेरिकेत, सॅन होजेच्या बाजूला गेली. चिप बनवणाऱ्या कंपनीत होते आणि कामही मनासारखं मिळालं होतं, तयार मालातली खोट शोधण्याचं. निवृत्तीनंतर पगार थांबला, खोट शोधणं थांबलं नाही. आपण काहीही म्हटलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "तसं नाही." कॉफी छान झालीय म्हणा. "तसं नाही, बिया जरा कमी भाजल्यात." लग्नाला पोचायला उशीर झाला म्हणा. "तसं नाही, मुहूर्तच लवकरचा काढला होता." माझी मेव्हणी या माणसाबरोबर इतकी वर्षं कशी राहिली, हे कोडं मला पुष्कळ दिवस होतं. जवळून पाहिल्यावर उलगडलं. ती ऐकतच नाही.

निवृत्त माणसाने एखादं वाद्य शिकावं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं. पेटीचा विचार झाला, बासरीचा झाला आणि निवड युकुलेलेवर येऊन ठेपली. त्याची कारणं त्यांनी मला फोनवर ऐकवली आणि ती सगळी बिनतोड होती. वाद्य एवढंसं, सोप्रानो म्हणजे सर्वांत लहान घेतलं तर जेमतेम एकवीस इंच. वजन अर्धा किलोसुद्धा भरत नाही. तारा चारच आणि त्याही नायलॉनसारख्या मऊ, त्यामुळे गिटारसारखी बोटं सोलवटत नाहीत. सी कॉर्डला एक बोट लागतं, एफला दोन, जी-सेव्हनला तीन. एवढ्या तीन कॉर्डांवर शेकडो गाणी निघतात आणि ते जमायला एक दुपार पुरते.

"आणि ऐका," साडूभाऊंचा आवाज चढला, "तारा लावतात जी, सी, ई, ए अशा. सी हा षड्ज धरा. काय झालं? प, सा, ग, ध. अहो, मोकळ्या तारांवर भूप तयार आहे! रिषभ तेवढा बोटाने काढायचा."

"मग काढा की," मी म्हटलं.

"तसं नाही. आधी वाद्य चांगलं पाहिजे."

चांगलं युकुलेले म्हणजे हवाई बेटांवरचं, हा पुढचा निष्कर्ष. त्यांचं हवाईला जायचं ठरलं तेव्हा आम्ही नवराबायको त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो, त्यामुळे आपोआप गोवले गेलो. दोघी बहिणींना समुद्र हवा होता. मला काहीच नको होतं, म्हणून विमानात साडूभाऊंशेजारची जागा मला मिळाली.

सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू पाच-साडेपाच तास लागतात. तेवढ्यात युकुलेलेचा इतिहास बसतो. १८७९ च्या ऑगस्टमध्ये रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज मदेरा बेटावरून चारशेंवर पोर्तुगीज माणसं घेऊन होनोलुलूला लागलं. माणसं आणली होती उसाच्या मळ्यात राबायला. त्यांत तीन सुतार होते : मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोझे दो एस्पिरिटो सांतो. त्यांच्या गावाकडे माशेत नावाचं चार तारांचं चिमुकलं वाद्य होतं. मळ्यातून सुटल्यावर तिघांनी होनोलुलूत आपली हत्यारं काढली, तिथल्या कोआच्या लाकडाला लावली आणि माशेतचं युकुलेले झालं.

"ऊसतोडीला आलेला माणूस वाद्य करायला लागतो," साडूभाऊ सांगलीकराच्या अधिकाराने म्हणाले, "ही साधी गोष्ट नाही." त्यानंतर राजा कालाकाऊआ आला. त्याला युकुलेलेची इतकी आवड, की ते दरबारात वाजू लागलं आणि परक्यांनी आणलेलं हे वाद्य पाहता पाहता हवाईचंच झालं. मग १९१५ चं सॅन फ्रान्सिस्कोचं प्रदर्शन. पनामा कालवा झाल्याच्या आनंदात ते भरलं होतं. तिथे हवाईच्या दालनात अमेरिकेने युकुलेले ऐकलं आणि देशभर त्याची साथ पसरली. खाली पॅसिफिक महासागर पसरला होता. तो मी खिडकीशी बसलेल्या माणसाच्या खांद्यावरून, साडूभाऊ पाणी प्यायला थांबत तेवढाच, पाहिला.

दुकान वायकीकीत होतं, कालाकाऊआ राजाचंच नाव असलेल्या हमरस्त्याच्या आतल्या बाजूला. नाव सांगत नाही, कारण दुकानदाराचा काही दोष नव्हता. नुसत्या युकुलेलेंचं दुकान मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तीन भिंती छतापर्यंत युकुलेलेंनी भरलेल्या. खालच्या रांगांत रंगीत, स्वस्त, पोराटोरांची. डोळ्यांच्या पातळीला मधल्या किमतीची. त्यांच्या वर, हात सहजी पोचू नये अशा बेताने, हजार डॉलरच्या पुढची. कोपऱ्यात हवेतला दमटपणा दाखवणारा काटा. समोर दोन-तीन स्टुलं. विक्रेता एक तरुण, फुलाफुलांचा शर्ट, हसरा चेहरा. हवाईत वडीलधाऱ्या कुणालाही 'अंकल' आणि 'आंटी' म्हणायची रीत आहे. त्याने साडूभाऊंना "या अंकल" म्हटलं. पुण्याच्या बसमध्ये कुणी काका म्हटलं तर दिवसभर फणफणणारे साडूभाऊ इथे चक्क खूश झाले.

"काय वाजवता, अंकल?" त्याने विचारलं. युकुलेलेच्या दुकानात हा नमस्काराइतका साधा प्रश्न आहे.

साडूभाऊंनी खिशातून पोलादी फूटपट्टी काढली.

विक्रेत्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटलं ते मला नीट दिसलं. तो घाबरला नाही, वैतागला नाही. त्याने ओळखलं. त्याने शांतपणे एक स्टूल पुढे सरकवलं, दुसऱ्यावर स्वतः बसला आणि आता दुपार गेली हे मनाशी धरून वरच्या रांगेतलं पहिलं युकुलेले खाली काढलं.

पुढचा विधी बघण्यासारखा होता. साडूभाऊंनी युकुलेले आडवं धरून एक डोळा मिटला आणि मान सरळ आहे का ते पाहिलं. मग फूटपट्टी लावून बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते मोजलं. मग विक्रेत्याला मोकळी तार छेडायला सांगितली आणि तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून पुन्हा छेडायला सांगितली. दोहोंत बरोबर एका सप्तकाचं अंतर पडलं पाहिजे. पडलं. तरी तीन वेळा पाहिलं. घोडी हलवून पाहिली, खुंट्या फिरवून पाहिल्या, पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. शेवटी हापूसच्या देठाशी नाक न्यावं तसं नाक वाद्याच्या भोकाशी नेलं, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "कोआ."

लेबलावर कोआच लिहिलं होतं.

मग ते पाच पावलं मागे गेले आणि विक्रेत्याला म्हणाले, "वाजव." कारण स्वतः युकुलेले वाजवून पाहणं या तपासणीत कुठेच बसत नव्हतं. तो पोरगा सुरेख वाजवायचा. साडूभाऊ पाठमोरे उभे राहून ऐकत, मान डोलावत आणि तुकडा संपला की म्हणत, "आता हाच महोगनीवर." मग हाच कॉन्सर्टवर. मग टेनरवर. सोप्रानोत तारेची वाजती लांबी तेरा इंच, कॉन्सर्टमध्ये पंधरा, टेनरमध्ये सतरा, बॅरिटोनमध्ये एकोणीस, हे त्यांनी त्या पोरालाच समजावून सांगितलं. त्याने पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "असं का, अंकल?" म्हटलं. असली माणसं दुकानात कशी टिकतात ते मला तेव्हा कळलं.

कोआवर तर स्वतंत्र प्रवचन झालं. हे झाड हवाईखेरीज कुठे आपसूक उगवत नाही. लाकडात जितक्या लहरी जास्त, तितकी किंमत वर. "आणि कुळ कुठलं म्हणता?" साडूभाऊ माझ्याकडे वळले. "आपल्या बाभळीचं! सांगलीला आम्ही जिचे काटे पायातून काढले ना, तिच्या गोतातलं झाड आहे हे." मग एका युकुलेलेच्या फ्रेटबोर्डवर बोट फिरवताना ते थबकले. शिसव होती, भारतातली. सह्याद्रीतल्या झाडाची पट्टी होनोलुलूच्या भिंतीवर टांगलेली पाहून त्यांना भरून आलं. मला वाटलं, आता घेतात. त्यांनी युकुलेले हळूच परत दिलं. "चांगलंय," म्हणाले. चिकित्सकाच्या तोंडून 'चांगलंय' आलं की ती वस्तू बाद झाली असं समजावं. जिच्यात खोट सापडते तिच्यावर निदान पुढे चर्चा होते.

मधल्या वेळात गिऱ्हाइकं येत-जात होती. एक स्थानिक आजी आल्या, तार तुटलेलं जुनं युकुलेले दिलं, दुसऱ्या स्टुलावर बसून तार बसेपर्यंत गप्पा मारल्या, वाद्य हातात आल्यावर दोन ओळी वाजवून गुणगुणल्या आणि गेल्या. एका आईने पोरासाठी निळं युकुलेले घेतलं. पोराला रंग आवडला, एवढीच तपासणी. साडूभाऊंनी या व्यवहारांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी यापूर्वी फक्त भाजीवाल्याने निवडून दिलेली भेंडी तशीच पिशवीत टाकणाऱ्या माणसाकडे बघताना पाहिली होती.

आणि मग ते जपानी गृहस्थ आले.

जपानमध्ये युकुलेलेचं वेड मोठं आहे. होनोलुलूत खास वाद्य घ्यायला म्हणून तिकडून माणसं येतात. हे गृहस्थ साडूभाऊंच्याच वयाचे, पांढरी हॅट, गळ्यात चष्मा. त्यांनी आत येऊन चौफेर नजर फिरवली, वरच्या रांगेतलं एक युकुलेले मागितलं, आडवं धरलं आणि एक डोळा मिटला. साडूभाऊ बघतच राहिले. गृहस्थांनी खिशात हात घातला. बाहेर आलं ते छोटं भिंग होतं. साडूभाऊंनी आपली फूटपट्टी पुढे केली.

पुढे जे झालं त्याला संवाद म्हणावं लागेल. एकाला जपानी येत नव्हतं, दुसऱ्याला बेताचंच इंग्रजी येत होतं. तरी साध्या खुंट्या बऱ्या की गिअरच्या, यावर दोघांचं जोरदार मतभेदासह एकमत झालं. गृहस्थांनी पसंत केलेल्या युकुलेलेच्या जोडावर साडूभाऊंनी बोट ठेवलं, तिथे डिंकाचा केसाएवढा ओघळ होता. गृहस्थ खिन्न झाले. साडूभाऊंच्या मनात बसत आलेल्या टेनरवर गृहस्थांनी भिंग धरलं, लाकडाच्या लहरी दोन्ही बाजूंना सारख्या जुळत नव्हत्या. साडूभाऊ खिन्न झाले. तासाभरात दोघांनी एकमेकांची खरेदी मोडून टाकली, एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि आयुष्यभराचा स्नेह जुळल्यासारखे हसले. विक्रेता पोरगा दोन्ही युकुलेले परत खुंटीला अडकवत होता.

दुसऱ्या दिवशी कामाकांचा कारखाना. साउथ स्ट्रीटवरची ही पेढी १९१६ पासून युकुलेले करते. मूळ पुरुष सॅम्युएल कामाका हे त्या नुनेस यांच्या हाताखाली शिकलेले. अननसासारखं लंबगोल युकुलेले त्यांनी काढलं आणि १९२८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजही कारखाना घरच्यांच्याच हातात आहे. जेक शिमाबुकुरो, ज्याने २००६ मध्ये यूट्यूबवर चार तारांची करामत दाखवून जगाला थक्क केलं, तोही कामाकाचं टेनर वाजवतो. आम्हाला तिथे कळलं, की या कारखान्यात पूर्वीपासून कर्णबधिर कारागीर काम करत आलेत. लाकूड पुरेसं पातळ झालं की नाही, हे त्यांना बोटांना लागणाऱ्या कंपनावरून कळतं. साडूभाऊ खूप वेळ गप्प होते. मेव्हणी म्हणाली, "बघा. त्यांना हात लावून कळतं, तुम्हाला सगळं ऐकूनही कळत नाही."

"तसं नाही," साडूभाऊ म्हणाले, पण पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही.

त्या संध्याकाळी ते पुन्हा त्या दुकानात गेले. दोघी बहिणी बाहेर शेव्ह आइस, म्हणजे वाटीतला बर्फाचा गोळा, खात उभ्या होत्या. मी आत होतो. साडूभाऊंचा चेहरा निर्धाराचा होता. त्या पोराने ओळखीचं हसून वरच्या रांगेकडे हात नेला. साडूभाऊंनी त्याला थांबवलं आणि कोपऱ्याकडे बोट केलं. टेनर युकुलेलेची एक टणक पेटी होती, आतून जांभळी मखमल. वरच्या कातड्यावर एक ओरखडा होता म्हणून किंमत उतरवलेली. साडूभाऊंनी बिजागऱ्या पाहिल्या, कड्या उघडून-मिटून पाहिल्या, मखमलीवर हात फिरवला. खोट बाहेर लिहूनच ठेवलेली होती, त्यामुळे शोधायला काही उरलं नव्हतं.

त्यांनी ती घेतली. पेटीत ठेवायला दमटपणा मोजणारं यंत्र घेतलं. दमटपणा कमी झाला की अस्सल लाकडाला चीर पडते, म्हणून तो वाढवणारी ओली स्पंजची नळी घेतली. तारांचे दोन संच घेतले. सूर लावायचं यंत्र घेतलं. खांद्याचा पट्टा घेतला. पट्टा अडकवायचं बटण घेतलं.

बिलावर ४.७१२ टक्के कर पाहून त्यांची भुवई चढली. त्या पोराने समजावून सांगितलं. हवाईत विक्रीकर नाही, व्यापाऱ्यावर कर आहे. राज्याचे चार टक्के, ओआहू बेटाचा वरचा अर्धा. व्यापारी तो गिऱ्हाइकाकडून घेऊ शकतो, पण असे घेतलेले पैसेही त्याच्या उत्पन्नात धरून त्यांवर पुन्हा कर बसतो. त्या सगळ्याची गोळाबेरीज ४.७१२. साडूभाऊंनी मनात हिशेब केला, तो तिसऱ्या दशांशापर्यंत जुळला आणि ते इतके खूश झाले की वाद घालायचं राहूनच गेलं.

बाहेर येताच मेव्हणीने पेटी पाहिली. "घेतलंत एकदाचं! दाखवा बघू."

साडूभाऊंनी पेटी उघडली. आत जांभळी मखमल होती आणि दमटपणा मोजणारं यंत्र होतं.

"युकुलेले?"

"तसं नाही. पेटी उत्तम मिळाली. आता तिच्या मापाचं वाद्य बघायचं. घाई काय आहे?"

नालासाठी घोडा म्हणतात तो व्यवहार मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला. मेव्हणी मात्र चिडली नाही. तिने मला शांतपणे एक जुनी हकीकत सांगितली. ती गाणं शिकायची. लग्न ठरलं तेव्हा साडूभाऊ तिच्यासाठी तंबोरा आणायला मिरजेला गेले. सांगलीहून मिरज ती किती लांब! सतारमेकरांच्या गल्लीत दिवस काढला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून कसे येतात, ते किती मुरवावे लागतात, घोडीवर जवारी कशी काढतात, सगळं पाहून आले. "आणि काय आणलं माहितेय?" मेव्हणी म्हणाली. "गवसणी. तंबोऱ्याची. कापड फार चांगलं होतं म्हणे. मी अजून मोबाइलच्या तंबोऱ्यावर रियाज करते. गवसणी आहे, इस्त्रीच्या टेबलाला घालते."

"कापड टिकलं की नाही?" साडूभाऊ म्हणाले. ते टिकलं होतं, हे तिलाही मान्य करावं लागलं.

ती पेटी आता सॅन होजेला आहे. आतला दमटपणा कायम ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. थंडीत घरातला हीटर सुरू झाला की साडूभाऊ स्पंज न विसरता ओला करतात. इतक्या काळजीने सांभाळलेली रिकामी पेटी अमेरिकेत दुसरी नसावी. पुढच्या वर्षी पुन्हा होनोलुलूला जायचं आहे. ते जपानी गृहस्थही त्याच सुमारास येणार आहेत.

माझं मत विचाराल तर अशा माणसांना हसू नये. खास वस्तूंची दुकानं जगतात ती त्यांच्यावरच. वाजवणारा माणूस एकदा येतो, एक युकुलेले नेतो आणि तार तुटेपर्यंत पुन्हा फिरकत नाही. अभ्यास करणारा दर वर्षी येतो आणि युकुलेले सोडून सगळं नेतो. शिवाय त्याची माहिती खरी असते. तुम्हाला युकुलेले घ्यायचंच असेल तर साडूभाऊंच्या प्रवचनातलं कामाचं तेवढं सांगतो. पहिलं वाद्य पातळ थर चिकटवलेल्या लाकडाचं चालतं, त्याला दमटपणाचे चोचले लागत नाहीत. बाराव्या पडद्यावर सूर बरोबर आहे का ते पाहा. तार दाबताना बोट दुखत असेल तर दुकानातच ती खाली करून घ्या. बाकी रंग आवडला की पुरे. घरी जाऊन एक बोट ठेवून सी वाजवा.

आणि हे सगळं झाल्यावर साडूभाऊंना फोन करा. आधी नको.